हजेरी कुणी कुणाची घ्यायची?

कोल्हापूरच्या भवानी मंडपाच्या परिसरात जुना राजवाडा आहे आणि त्या राजवाड्याचे नाव घेतलेले एक पोलीस ठाणेही आहे. संस्थान १९४९ साली विलीन झाले, राजाचा अंमल संपला, ठाण्याने मात्र पाटीवर राजवाडा जपून ठेवला. अशा कुठल्याही ठाण्याच्या नावे लिहिलेला एक साधा अर्ज आपण समोर ठेवू. वर ‘जोडपत्र अ’ असे छापलेले, कोपऱ्यात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, खाली अर्जदाराची सही. मजकूर १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तेवढीच मुभा आहे. मागणी अशी, की अमुक अधिकारी या ठाण्यात असताना त्याच्याविरुद्ध किती तक्रारी आल्या, कितींची चौकशी झाली, निष्कर्ष काय निघाला, शिक्षा काय झाली. त्या कागदांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. याला आपल्याकडे ‘आरटीआय टाकला’ म्हणतात. जाळे टाकावे किंवा डाव टाकावा, तसे ते टाकणे. लागेल की नाही याची खात्री नाही, पण टाकल्याचे समाधान मोठे.

हा अर्ज ज्या कायद्याने दिला त्या कायद्याचे वय २० वर्षांच्या थोडे पुढे आहे. अर्जातल्या प्रश्नाचे वय मात्र कित्येक शतकांचे. हातात दंडुका असलेल्या माणसाच्या वागणुकीची नोंद कुणी ठेवायची, ती कुणाच्या कपाटात राहायची आणि ती वाचायचा हक्क कुणाला, ही ती जुनी पृच्छा. तिचा माग काढत आपण मागे जाऊ लागलो की वाटेत एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. तो शब्द म्हणजे हजेरी.

पहिला टप्पा राजाच्या काळजीचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अधिकारी सरकारी धन कसे हडपतात त्याचे ४० प्रकार मोजून दिले आहेत आणि कारभाऱ्यांवर हेर ठेवायलाही सांगितले आहे. तिथून लांब उडी घेऊन आपण सतराव्या शतकातल्या सह्याद्रीत आलो की तीच काळजी अधिक व्यवहारी रूपात दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था नोंदवली आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे. तिघांचा दर्जा सारखा आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. त्यांतल्या सबनिसाकडे लेखणीचे काम, म्हणजे शिबंदीची हजेरी आणि हिशेब. हत्यारबंद माणसाची हजेरी लेखणीवाला घेतो, ही आपल्या गोष्टीतली पहिली हजेरी. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी करवीरच्या संभाजी महाराजांसाठी आज्ञापत्र लिहिले, त्यातही गडकोट हेच राज्याचे सार मानून त्यांच्यावरच्या नेमणुकांचा विचार बारकाईने केलेला आहे. म्हणजे अधिकाऱ्याच्या वागणुकीवर कागदाने पहारा ठेवण्याची रीत या पन्हाळ्याच्या मुलखाला नवी नव्हती. पण तो कागद राजाकडून निघे आणि राजाकडेच परत जाई. ज्या रयतेला अधिकाऱ्याची झळ लागे, तिच्या हाती त्यातले काही येत नसे.

रयतेच्या हाती येणारा कागद वेगळा होता. गावात वतनाचा वाद उभा राहिला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यात आधी हाजिर मजालस, म्हणजे त्या बैठकीला कोण कोण होते त्यांची यादी. शेवटी प्रत्येकाची निशाणी, पाटलाचा नांगर आणि मग ज्याच्या त्याच्या धंद्याचे चिन्ह. निवाडा ज्याच्या बाजूने लागला तो हा कागद घरी नेई आणि पिढ्यान्‌पिढ्या तुळईवर जपून ठेवी. निवाडा करणारे कोण होते हे कागदावरच नोंदवायचे आणि तो कागद सामान्य माणसाने बाळगायचा, ही आजच्या साक्षांकित प्रतीची विसरलेली आजी. मात्र तिचा पदर जमिनीपुरता आणि मानपानापुरता होता. कोतवालापर्यंत तो पोचला नाही.

कोतवालाचे काय होत असे, ते पुण्याने १७९१ साली पाहिले. घाशीराम सावळदास १७७७ पासून शहर पुण्याचा कोतवाल होता. नाना फडणविसांचा वरदहस्त असल्याने त्याच्याविरुद्धच्या कागाळ्या जिथल्या तिथे विरत. एके दिवशी तेलंगी ब्राह्मणांचा एक घोळका पकडून त्याने कोंदट जागेत डांबला. गुदमरून त्यांतले कित्येक रात्रीतच दगावले. शहर खवळले, जमाव नानांच्या वाड्यावर गेला आणि अखेर ऑगस्टच्या शेवटी कोतवालाला जमावाच्या स्वाधीन करण्यात आले. त्याची धिंड निघाली आणि त्याला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबांनी १८६३ साली त्याच्यावर मराठीत पुस्तक लिहिले, विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले, आणि घाशीराम हे नाव म्हणीसारखे रूढ झाले. आपल्या मागोव्याच्या दृष्टीने त्यातली मेख अशी, की १४ वर्षांच्या त्या कोतवालीतल्या तक्रारी कुणाला एकत्र पाहता येतील, अशी सोय नव्हती. तक्रार नानांपर्यंत जायची किंवा जायची नाही. मधला रस्ता नसल्याने शेवटी दगडच उचलले गेले. पेशव्यांचे दप्तर अवाढव्य होते, पण ते राज्यकर्त्याच्या ताब्यात राहिले. पेशवाई बुडाल्यावर ते इंग्रजांकडे गेले आणि त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली छापून निघायला १९३० चे दशक उजाडावे लागले.

त्याच अठराव्या शतकात दूर स्वीडनमध्ये वेगळेच काही घडले होते. २ डिसेंबर १७६६ रोजी तिथे मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि सरकारी कागद मागून वाचण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. अँडर्स चिडेनिअस या पाद्र्याने तो लावून धरला होता. तेव्हा पुण्यात थोरल्या माधवरावांची कारकीर्द चालू होती आणि न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे होते. पुढे सातच वर्षांनी, १७७३ साली, नारायणरावाचा शनिवारवाड्यात राखणीच्या गारद्यांकडूनच खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी धरले. त्या प्रसंगातून मराठीला ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार मिळाला. ‘धरावे’चे ‘मारावे’ खरोखर कुणी केले की ही केवळ आख्यायिका, हा वाद इतिहासकारांचा. पण ज्या समाजाने एका अक्षराच्या फेरफाराची गोष्ट अडीचशे वर्षे सांगितली, त्याला मूळ कागद पाहण्याची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

ही गरज किती महाग पडू शकते, हे एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्याच एका प्रकरणाने दाखवले. गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, वयाने तरुण, आणि कारभार दिवाण रावबहादूर माधवराव बर्व्यांच्या हाती. महाराजांना वेड लागल्याचे सांगितले जात होते; त्यांना मुद्दाम छळून त्या अवस्थेला आणले जात आहे, अशी कुजबुज गावभर होती. १८८१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी ती उघडपणे मांडली आणि बर्व्यांच्या नावची म्हणून काही पत्रे आधाराला घेतली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. मुंबईत तो चालला, पत्रे बनावट असल्याचे निघाले, आणि १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघा संपादकांना चार महिन्यांची कैद झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. हा खटला आपण पत्रकारांच्या धाडसाची कथा म्हणून वाचतो. कागदाच्या बाजूने वाचला तर तो आणखी काही सांगतो. महाराजांना कसे वागवले जात होते, त्यांच्यावर कोण माणसे नेमली होती, याची खरी नोंद दरबाराच्या आणि पोलिटिकल एजंटाच्या दप्तरात असणार. ती मागण्याची वाट नव्हती. जिथे खरा कागद मिळत नाही तिथे खोट्या कागदाला गिऱ्हाईक मिळते, आणि शिक्षा भोगतो तो विचारणारा. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात महाराजांचा मृत्यू झाला. त्यांच्या राखणीवर असलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली होती. ताब्यातला मृत्यू, आणि तोही छत्रपतींचा. नोंदी मात्र ज्यांच्या ताब्यात राजा होता त्यांच्याच हातच्या.

इंग्रजी अमदानीने कागद वाढवले आणि त्यांना कुलपेही लावली. १८७२ च्या पुरावा कायद्याने एक खिडकी उघडली होती. जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा माणसाला हक्क आहे, त्याची फी भरून प्रमाणित नक्कल मिळावी, असे त्यात होते. आजही कोर्टाच्या आवारात नकलेचा अर्ज हा शब्द चालतो तो या वंशातला. पण त्याच कायद्यातली पुढची कलमे राज्यकारभाराचे अप्रकाशित कागद आणि पोलिसाच्या खबरीचा उगम झाकून ठेवत. तपासाची रोजची डायरी आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला मागता येऊ नये, अशी तजवीज फौजदारी संहितेच्या १७२ व्या कलमात झाली. १८९८ च्या संहितेतून ती १९७३ च्या संहितेत आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत आकडा बदलून उतरली. १८८९ साली सरकारी गुपितांचा कायदा आला, १९२३ साली तो अधिक कडक झाला. मधल्या काळात, १९०२-०३ साली, सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने पोलीस खात्याची देशभर पाहणी केली आणि भ्रष्टाचार व जुलूम यांबद्दल खात्यावर कडक ताशेरे मारले. निदान झाले होते, तेही सरकारनेच केले होते. औषध म्हणून रोग्याचा केसपेपर नातेवाइकांना दाखवावा, हे तेवढे कुणाला सुचले नाही.

उलट, वही भरली जात होती ती लोकांची. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गुन्हेगार समजून रोज हजेरी लावली जाई. चोरी झाली असो वा नसो, दिवस मावळला की ठरल्या जागी जायचे, नाव पुकारले की ‘हजर’ म्हणायचे, मग घरी. पाहुण्याच्या गावी जायचे तरी परवानगी. गडावरच्या सबनिसाने शिपायाची घेतलेली ती जुनी हजेरी इथे पुरती उलटली होती. आता दंडुकेवाला निःशस्त्र माणसाची हजेरी घेत होता. चौथ्या शिवाजी महाराजांच्या गादीवर १८८४ साली दत्तक आलेल्या शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर इलाख्यात ही हजेरी हुकमाने बंद केली. देशभरातून गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले, म्हणजे कोल्हापूर ३४ वर्षे पुढे होते. शाहूंचा आणखी एक परिपाठ इथे आठवावा. २६ जुलै १९०२ चा राखीव जागांचा हुकूम त्यांनी करवीर सरकारच्या गॅझेटात छापून प्रसिद्ध केला. राजाचा हुकूम छापील स्वरूपात रयतेसमोर आला की तो पाळला गेला की नाही हे विचारायला आधार सापडतो. पण हेही खरे, की तो राजाच्या मर्जीचा उजेड होता. रयतेने मागावे आणि दरबाराने द्यावे, असा नियम नव्हता.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. पोलिसांसाठी १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, शिपाई-हवालदारांच्या शिक्षेसाठी १९५६ चे शिक्षा व अपील नियम आले. खात्याची स्वतःची एक भाषा होती आणि आहे: कसुरी अहवाल, सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणे, विभागीय चौकशी, आणि प्रकरण फारच तापले तर नियंत्रण कक्षात बदली. हे सगळे सेवापुस्तकात आणि गोपनीय अहवालात जाई. ज्याच्या फिर्यादीवरून चौकशी सुरू झाली त्याला तिचा शेवट कळेलच असे नव्हते. कुलूप पहिल्यांदा खडखडले ते १९७५ साली, आणि गंमत म्हणजे कागद पोलीस बंदोबस्ताचाच होता. राजनारायण यांच्या निवडणूक याचिकेत पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेच्या सूचनांचे ‘ब्लू बुक’ मागितले गेले. त्यासाठी रायबरेलीच्या पोलीस अधीक्षकांना समन्स निघाले. सरकारने गोपनीयतेची ढाल पुढे केली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कागद गोपनीय आहे की नाही ते न्यायालय स्वतः पाहून ठरवेल, आणि न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी सार्वजनिक सेवक सार्वजनिक नात्याने जे करतात ते जाणण्याचा लोकांचा हक्क निकालपत्रात मांडला. मग १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा जागच्या जागी लिहून त्यावर साक्षीदाराची सही हवी, चौकशी करणाऱ्यांची नावे नोंदवहीत हवीत. ताब्यातल्या माणसाची हजेरी घेताना ताब्यात घेणाऱ्याचीही हजेरी लागू लागली.

याच सुमारास राजस्थानच्या खेड्यांत मजूर हजेरीपटच मागत होते. दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावे कशी, असा सवाल डिसेंबर १९९४ पासूनच्या जनसुनवाण्यांत विचारला गेला. १९९६ साली ब्यावरला ४० दिवस धरणे चालले. आपल्या शेजारी गोव्याने १९९७ मध्ये माहितीचा कायदा केला. महाराष्ट्रात २००० साली एक लंगडा कायदा झाला, त्याविरुद्ध अण्णा हजारे यांनी आंदोलन मांडले, २००२ साली सुधारलेला कायदा अध्यादेशाने आला आणि ऑगस्ट २००३ मध्ये हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसल्यावर त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्यानंतर केंद्राचा कायदा आला; १२ ऑक्टोबर २००५ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, तो देशभर लागू झाला. त्या दिवशीचा देशातला पहिला अर्ज शाहीद रझा बर्नी यांनी दिला असे मानले जाते, आणि तो दिला पुण्यात, एका पोलीस ठाण्यात. ज्या शहराने २१४ वर्षांपूर्वी कोतवालाच्या जाबासाठी दगड उचलले होते, त्याच शहरात १० रुपयांचा अर्ज पोलिसांच्या टेबलावर आला. सीमोल्लंघनाला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

अर्ज दिला की घड्याळ सुरू होते. ३० दिवसांत उत्तर, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. न आल्यास प्रथम अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील, आणि कोल्हापूरच्या माणसाला त्यासाठी आयोगाचे पुणे खंडपीठ. कसूर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात येणारी उत्तरे मुरलेल्या अर्जदाराला पाठ असतात: ‘तपास चालू आहे’, ‘माहिती प्रश्नार्थक आहे’, ‘त्रयस्थ पक्षाची माहिती आहे’. पहिल्या उत्तरावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ सालीच तोड काढली. नुसता तपास चालू असणे पुरेसे नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावे लागेल. दुसऱ्यावर अर्जदारांनीच तोड काढली. ‘का केले’ असे विचारायचे नाही, ‘ज्या नोंदीत लिहिले आहे तिची प्रत द्या’ असे लिहायचे. स्टेशन डायरीची अमुक तारखेची पाने, आवक-जावक नोंदवहीतली ओळ, असे नेमके बोट ठेवायचे.

तिसऱ्या उत्तराला तोड सापडली नाही, आणि त्याचे मूळ महाराष्ट्रातच आहे. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा यांच्या प्रती गिरीश देशपांडे यांनी मागितल्या होत्या. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कर्मचाऱ्याची नोकरीतली कामगिरी हा तो आणि त्याचा मालक यांच्यातला मामला, ती खाजगी माहिती. व्यापक सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. निकाल पोलिसांचा नव्हता, पण तो प्रत्येक ठाण्याच्या कामी आला. २०१९ साली घटनापीठानेही सेवेच्या आणि शिस्तभंगाच्या नोंदी खाजगी माहितीच्या यादीत घातल्या. इथे प्रश्न पडतो तो ‘मालक’ या शब्दाचा. पगार ज्या तिजोरीतून होतो ती लोकांची. मग मालक कोण? अमेरिकेतही हाच घोळ झाला. न्यूयॉर्क राज्याने १९७६ साली ५०-अ नावाचे कलम करून पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी झाकल्या आणि जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर उसळलेल्या लाटेत, जून २०२० मध्ये, तेच कलम काढून टाकले. ४४ वर्षांत तिथे दार लागले आणि उघडलेही. आपल्याकडे ते अजून लागण्याच्याच बाजूला सरकते आहे.

लागलेल्या दाराची किंमत कोल्हापूरच्या मुलखाने मोजली आहे. हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याची लेक अश्विनी बिद्रे-गोरे पोलीस खात्यात सहायक निरीक्षक झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये नाहीशी झाली. घरच्यांनी पिच्छा पुरवला. ज्याच्यावर संशय होता तो खात्यातलाच वरिष्ठ निरीक्षक. २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी त्याला राष्ट्रपतींचे पोलीस पदक मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला अटक झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने खुनासाठी जन्मठेप सुनावली. मृतदेह कधीच मिळाला नाही. असे आरोप असताना पदकासाठी नाव गेलेच कसे, हा सवाल न्यायालयालाही पडला. पदकाची शिफारस सेवेच्या नोंदींवरून होते, आणि त्या नोंदी मालक आणि नोकर यांच्यातला मामला. शेजारच्या सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये कोठडीतला एक तरुण पळून गेल्याचे ठाण्यातून सांगितले गेले. तो कोठडीतच मेला आणि मृतदेह आंबोलीच्या रानात नेऊन जाळला, असा आरोप तिथल्या पोलिसांवरच ठेवून खटला उभा राहिला. डायरीवर काय लिहायचे हे लिहिणाऱ्याच्या हाती असते, हे सांगायला दुसरे उदाहरण नको. म्हणून पुढच्या काळात लेखणीच्या जोडीला कॅमेरा आला. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला आणि चित्रण शक्यतो १८ महिने जपायला सांगितले. २०२२ साली वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठरवले की गुपितांच्या कायद्यापुरते पोलीस ठाणे हे ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, तिथे चित्रीकरण केले म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. १९२३ च्या कायद्याची सावली जवळजवळ शंभर वर्षांनी ठाण्याच्या उंबऱ्यावरून मागे हटली.

आणि मग आपण आजच्या वळणावर येतो. पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायदा सुधारून राज्य आणि विभाग पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे आणली. कागद मागण्याऐवजी थेट तक्रार नेण्याची ती वेगळी वाट. मात्र २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती कायद्यातले खाजगी माहितीचे कलमच बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. ‘सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली’ ही अट गेली, संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही हे वाक्य गेले. उरले ते इतकेच, की माहिती व्यक्तिगत आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर द्यावी, हे आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम अजून शाबूत आहे, तिसरेही आहे. ते सांगते की २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती बहुतेक आडकाठ्या बाजूला सारून द्यावी. पहिला अर्ज पुण्यात पडला त्या दिवसाला २० वर्षे झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, दार आवळले गेले त्याच्या एक महिना आधी. अर्थात २० वर्षे कागद टिकला तर. सरकारी अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ कायमचा, ‘ड’ वर्षभराचा. तक्रार कुठल्या गठ्ठ्यात बांधली गेली, यावर तिचे आयुष्य ठरते. उत्तर नाकारले गेले आणि आयोगानेही हात वर केले, तर पुढचा रस्ता उच्च न्यायालयाचा. तो १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईला न जाता कोल्हापूरच्या सर्किट बेंचपर्यंत चालत जाण्याइतका जवळ आला आहे.

इतका प्रवास करून आपण पुन्हा ठाण्याच्या टेबलाशी येतो. अर्जदार दोन प्रती घेऊन आलेला असतो. कारकून वरून खाली वाचतो, एकदा चेहऱ्याकडे पाहतो, ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ म्हणतो. अर्जदार थांबतो, कारण त्याला पोच हवी आहे. अखेर आवक नोंदवही उघडली जाते, क्रमांक पडतो, तारीख पडते, अर्जदाराचे नाव आणि विषय एका ओळीत लिहिला जातो, आणि दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का उमटतो. महिन्याने उत्तर ‘देता येत नाही’ असेच येईल कदाचित. तरी अमुक तारखेला अमुक माणसाने अमुक अधिकाऱ्याबद्दल विचारले, ही ओळ ठाण्याच्या स्वतःच्या वहीत ठाण्याच्याच हाताने लिहिली गेलेली असते. १९१८ साली ठाण्यातल्या वहीतून माणसांची नावे काढायला राजाला हुकूम काढावा लागला होता. आज माणूस आपण होऊन तिथल्या दुसऱ्या वहीत नाव लावून घेतो, आणि पोच घडी घालून खिशात ठेवतो.